सरत्या वर्षाचे उपकार आठवण्याची रीत

३१ डिसेंबरच्या रात्री पुण्यातील अनेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, वर्षअखेरची उपासना असते. बाराला दहा मिनिटे उरली की पाळकसाहेब सर्वांना शांत बसण्यास सांगतात आणि गेल्या वर्षातील देवाचे उपकार आठवा, असे म्हणतात. त्या वेळी आपल्याला नेमके काय आठवते, हे प्रत्येकाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारून पाहावे. घरातले सगळे सुखरूप आहेत, मुलगी दहावी पास झाली, नोकरी टिकली, एवढे आठवून होते. मग मन भरकटते, शाल आणली असती तर बरे झाले असते असे वाटू लागते आणि तेवढ्यात घंटा वाजते. बारा महिन्यांच्या वाट्याला तीन वाक्ये आलेली असतात. यात श्रद्धा उणी असते असे मला वाटत नाही. उणी असते ती तयारी.

बायबलमधील १०३ व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला बजावतो की परमेश्वराचे सर्व उपकार विसरू नको. येथे ‘गहिवरून जा’ अशी आज्ञा नाही. गहिवर मागून येत नाही, तो येतो तेव्हा येतो. विसरणे मात्र टाळता येते, कारण त्यासाठी कागद, पेन्सिल आणि थोडा वेळ एवढेच लागते. शिवाय त्या ओळीत ‘सर्व’ हा शब्द आहे आणि सर्व उपकार तोंडपाठ ठेवणारी स्मरणशक्ती कोणालाही मिळालेली नाही. म्हणून खाली जी रीत मांडली आहे, ती भावना जागवण्याची नसून आठवण नीट लावण्याची आहे. आमच्या घरात ती काही वर्षे चालत आली आहे आणि तिच्यातील बहुतेक नियम आधी चुकल्यावर सुचलेले आहेत.

वेळ कोणती निवडावी

हे काम ३१ तारखेला करू नये. नाताळच्या आधी तर मुळीच नको, कारण करंज्या आणि चकल्या, पाहुणे, करोलची मंडळी आणि महात्मा गांधी रस्त्यावरची गर्दी यांतून कोणाचेही चित्त थाऱ्यावर राहत नाही. २६ ते ३० डिसेंबर हे पाच दिवस त्यामानाने रिकामे असतात. मुलांना सुट्टी असते, फराळ डब्यात शिल्लक असतो आणि संध्याकाळी थंडीमुळे सगळे लवकर घरी येतात. त्यांतील तीन संध्याकाळी प्रत्येकी एक तास काढावा. एका बैठकीत बारा महिने आटोपण्याचा प्रयत्न केला की जानेवारी-फेब्रुवारीवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि सप्टेंबरनंतर सगळे कंटाळतात, असा आमचा अनुभव आहे.

ज्यांना घाई नको असेल त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. चर्चचे उपासना-वर्ष डिसेंबरअखेर संपत नाही. ख्रिस्तराजाच्या रविवारनंतरच्या आठवड्यात ते संपते आणि आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी नवे वर्ष सुरू होते. आगमनकाळाचे रविवार चार आणि वर्षाचे महिने बारा, तेव्हा दर आठवड्याला तीन महिने घेतले की नाताळपूर्वी सगळे वर्ष डोळ्यांखालून जाते. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवीन. शाळकरी मुले असलेल्या घरांत मात्र नाताळनंतरच्या तीन संध्याकाळीच जमतात.

साधने घरातच असतात

अप्पा बळवंत चौकातून एक साधी दोनशे पानी वही आणावी. चामडी बांधणीची, सोनेरी कडांची रोजनिशी घेऊ नये, कारण तशा वहीत माणूस सुंदर वाक्ये लिहू लागतो आणि आपल्याला सुंदर वाक्ये नको आहेत.

त्यानंतर भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवावे. मराठी घरातले कॅलेंडर हा वर्षाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज असतो. त्यावर दूध न आलेले दिवस, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, कर्जाचा हप्ता, दातांच्या डॉक्टरांची वेळ आणि कोणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त असे सगळे बारीक अक्षरांत नोंदलेले असते. ते कोणी देवाच्या उपकारांची यादी म्हणून लिहिलेले नसते, म्हणूनच त्यावर भरवसा ठेवता येतो. सिलिंडरच्या नऊ तारखा एकाखाली एक वाचल्या की वर्षभर चूल एकदाही विझली नाही, ही गोष्ट प्रथमच लक्षात येते.

मोबाइलमधील छायाचित्रे पाहावीत, पण त्यांच्यावर फार विसंबू नये. आपण वाढदिवसाचे आणि सहलीचे छायाचित्र काढतो. रुग्णालयाबाहेरच्या बाकड्यावर घालवलेल्या रात्रीचे कोणी काढत नाही. त्या रात्री बँकेच्या नोंदींत सापडतात. मार्चमधल्या एका तारखेला रात्री पावणेबाराला औषधांच्या दुकानात भरलेले ३४० रुपये दिसले की धाकट्याचा ताप आठवतो, तो उतरेपर्यंत जागलेले दोघे आठवतात आणि पहाटे चार वाजता त्याने पाणी मागितले तेव्हा झालेला आनंदही आठवतो. तो प्रसंग छायाचित्रांत नव्हता आणि ३१ डिसेंबरच्या शांततेत तो कधीच आठवला नसता.

आणखी एक युक्ती सांगतो. व्हॉट्सॲपवरील कुटुंबाच्या आणि मंडळीच्या गटांत ‘प्रार्थना’ हा शब्द शोधावा. वर्षभरात आपण कोणाकोणासाठी ‘प्रार्थना करा’ असे लिहिले आणि इतरांनी आपल्याला काय लिहिले, हे सगळे तारखांसह समोर येते. मंडळीच्या रविवारच्या पत्रकात छापलेल्या प्रार्थना-विनंत्यांचेही तसेच आहे. आपण मागताना तत्पर असतो. मिळाल्यावर कळवायचे राहून जाते. त्या शोधात ज्या विनंतीचे पुढे काय झाले हे आपल्यालाच ठाऊक नाही, अशी एखादी विनंती सापडली तर त्याच संध्याकाळी संबंधिताला फोन करावा.

लिहावे कसे

दर महिन्याला वहीची समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर काय घडले ते लिहावे आणि उजव्या पानावर ते कोणाच्या हातून आपल्यापर्यंत पोहोचले ते लिहावे. डाव्या पानावरील प्रत्येक वाक्यात तारीख किंवा निदान आठवडा, जागा आणि माणूस यांपैकी दोन गोष्टी तरी असाव्यात. ‘देवाने आरोग्य दिले’ हे वाक्य खरे असले तरी ते दरवर्षी जसेच्या तसे लिहिता येते, म्हणून ते या वहीत चालत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यामुळे भिडे पूल पाण्याखाली गेला होता, त्या दिवशी शाळेच्या रिक्षावाल्या काकांनी लांबचा वळसा घेऊन तिन्ही मुलांना घरपोच केले आणि जादा पैसे घेतले नाहीत.’ असे वाक्य पुढच्या वर्षी पुन्हा लिहिता येत नाही.

उजवे पान अधिक महत्त्वाचे आहे. प्रत्येक उत्तम देणगी वरून येते, असे बायबलमधील याकोबाच्या पत्रात म्हटले आहे, परंतु ती वरून थेट आपल्या ओंजळीत पडत नाही. मध्ये कोणाचे तरी हात असतात. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने अशा माणसांना आणि त्यांच्या कामांना देवाचे मुखवटे म्हटले होते. त्याने १५२९ मध्ये सामान्य कुटुंबांसाठी लिहिलेल्या छोट्या प्रश्नोत्तरीत प्रभूच्या प्रार्थनेतील ‘रोजची भाकर’ म्हणजे काय, याचे उत्तर देताना अन्नवस्त्राबरोबर घर, जोडीदार, मुले, चांगले शासन, चांगले हवामान, शांतता, आरोग्य, चांगले मित्र आणि विश्वासू शेजारी यांचीही गणना केली आहे. ही यादी जवळ ठेवून प्रत्येक महिना तपासला तर डोळ्यांआड राहिलेल्या गोष्टी हळूहळू पुढे येतात. विश्वासू शेजारी या एका शब्दावर आमच्या घरात एकदा अर्धा तास गेला. समोरच्या घरातील काकूंनी वर्षभरात आमची किती पार्सले घेतली, किती वेळा किल्ली सांभाळली आणि आम्ही गावाला असताना किती वेळा पाणी आल्यावर टाकी भरून ठेवली, हे मोजता मोजता आम्ही थकलो.

यादी करताना तीन प्रकारच्या गोष्टी हटकून सुटतात. पहिला प्रकार न घडलेल्या गोष्टींचा. अपघात होता होता वाचला, गाठ साधी निघाली, रागाच्या भरात लिहिलेला निरोप पाठवण्याआधी पुसला गेला, या गोष्टींची कोठेच नोंद नसते, कारण त्या घडल्याच नाहीत. दुसरा प्रकार रोजच्या गोष्टींचा, ज्यांत नळाचे पाणी आणि वेळेवर आलेली बस येते. पुणेकराला यांपैकी दुसरी गोष्ट चमत्कारात घालावीशी वाटेल, पण तीही लिहावी. तिसरा प्रकार आत्मिक आशीर्वादांचा आहे आणि ख्रिस्ती माणसाच्या वहीत तोच रिकामा राहावा, हे थोडे चमत्कारिक आहे. इफिसकरांस पत्राच्या आरंभी प्रेषित पौल देवाचा धन्यवाद करतो तो दत्तकपणा, खंडणी भरून मिळालेली मुक्ती आणि पापांची क्षमा यांसाठी. ते पत्र लिहिताना तो बंदिवासात असून तुरुंगातील गैरसोयींविषयी तेथे तक्रार नाही. तेव्हा स्वतःला विचारावे की या वर्षी कोणते वचन मनाला लागले, कोणाशी असलेला अबोला सुटला, कोणती जुनी खोड सैल झाली, कोणत्या रविवारी प्रभुभोजनाला जाताना पाय जड होते आणि तरीही आपण गेलो. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न हे ठळक प्रसंग आपोआप आठवतात. हे बारके प्रसंग खोदून काढावे लागतात.

क्रमाविषयी एक सूचना. पुष्कळ जण आत्मपरीक्षण म्हटले की आधी चुका मोजू लागतात. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक लोयोलाच्या संत इग्नाती यांनी दैनंदिन आत्मपरीक्षणाच्या ज्या पाच पायऱ्या घालून दिल्या, त्यांत पहिली पायरी उपकारस्तुतीची आहे; पापांचा विचार त्यानंतर येतो. नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरी हे कॅथोलिक धर्मगुरूंचे विद्यालय आणि त्याच्या परिसरातील येशूसंघीय फादर यांच्यामुळे पुण्यातील बऱ्याच कॅथोलिक घरांना ही पद्धत परिचयाची आहे, पण प्रॉटेस्टंट घरांनीही ती उचलावी अशी आहे. आधी किती मिळाले ते पाहिले की मग आपण त्याचे काय केले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि तो अधिक खोल जातो.

ज्या महिन्याचे पान उघडवत नाही

प्रत्येक वर्षात असा एखादा महिना असतो. कोणाचे आईवडील गेलेले असतात, कोणाची नोकरी सुटलेली असते, कोणाचे बाळ पोटातच गेलेले असते. त्या पानावर येताच चांगल्या घरांतही एक चूक होते: कोणीतरी घाईघाईने म्हणते की यातही देवाचा आशीर्वादच होता. असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे दुःख आहे त्याचाच आहे आणि त्यानेही तो लगेच वापरावा अशी सक्ती नाही. माझे वडील ज्या वर्षी गेले, त्या वर्षी भेटायला आलेल्या एका परिचितांनी अंगणातच मला अशी तीन वाक्ये ऐकवली होती. त्यांचा हेतू चांगला होता, तरी पुढे कित्येक महिने मला उपकारस्तुतीचे गीत म्हणवत नव्हते.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे आहे. त्यातील सप्तमीचा प्रत्यय नीट वाचावा. स्थिती‘त’ उपकारस्तुती करायची आहे; ती स्थितीच उपकार मानायची, असे तेथे म्हटलेले नाही. इफिसकरांस पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असेही म्हटले आहे, हे मला ठाऊक आहे, आणि काही जण बऱ्याच वर्षांनी मागे वळून तेथवर पोहोचतात. ज्या डिसेंबरमध्ये जखम ताजी आहे त्या डिसेंबरमध्ये मात्र प्रत्ययापुरते थांबणे पुरे.

चर्चनेही आपल्या दिनदर्शिकेत दुःखाला जागा ठेवली आहे आणि ती नेमकी नाताळला लागून ठेवली आहे. २६ डिसेंबर हा दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचा दिवस आहे आणि २८ डिसेंबर हा हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा. गव्हाणीतील बाळाचे गाणे संपते न संपते तोच मुलांसाठी शोक करणाऱ्या राहेलीचे रडणे ऐकू येते. म्हणून मी सुचवितो की कठीण महिन्याचे पान २८ तारखेच्या संध्याकाळी उघडावे. डाव्या बाजूला जे घडले ते जसे घडले तसे लिहावे. उजव्या बाजूला फक्त त्या दिवसांत कोण आले ते लिहावे: डबा कोणी आणला, दफनभूमीचे काम कोणी पाहिले, कोण काही न बोलता शेजारी बसून राहिले. दुसरे काही सुचले नाही तर पान तसेच सोडावे. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते आणि तरीही ते प्रार्थनांच्या पुस्तकातच आहे.

या ठिकाणी बायबलमधील शमुवेल संदेष्ट्याचा दगड आठवण्यासारखा आहे. इस्राएलचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांचा पराभव झाल्यावर शमुवेलाने एक धोंडा उभा केला, त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असे नाव दिले आणि येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे, असे म्हटले. आपल्याकडे हे वाक्य देवघराच्या भिंतीवर आणि घराच्या पाटीवरही असते. पण त्याच पुस्तकात तीन अध्याय मागे गेले की हेच नाव पराभवाच्या संदर्भात भेटते: इस्राएल एबन-एजराजवळ तळ देऊन होते, तेथे ते हरले आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, शत्रूच्या हाती गेला. ज्या नावाशी हार जोडलेली होती तेच नाव मदतीच्या दगडाला मिळाले आणि मध्ये वीस वर्षांहून अधिक काळ गेला. ‘येथवर’ हा शब्दही पुढचे सगळे ठीक होईल असे सांगत नाही. तो इथपर्यंतचेच बोलतो.

पुण्याच्या माणसाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना त्यांनी आपल्याबरोबर आणले. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. पहिला दुष्काळ हा उपकार होता असे कोणी म्हणू नये. पण त्याची आठवण पुसली न गेल्यामुळे दुसऱ्या दुष्काळात अनेक ताटे भरली. पुढे १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतर ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतःचा अंत होईपर्यंत रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलच्या कामात गुंतलेल्या होत्या आणि केडगावच्या छापखान्यात मुक्तीतील स्त्रियाच त्याची छपाई करीत होत्या.

परूश्याची उपकारस्तुती

लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहिलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, प्रार्थनेची सुरुवात देवाचे आभार मानून करतो, हे आपण विसरतो. त्याची यादी व्यवस्थित होती. बिघडली ती ‘इतर माणसांसारखा मी नाही’ या शब्दांनी. यादी पूर्ण झाल्यावर ती एकदा या दृष्टीने वाचावी. दुसऱ्याला मिळाले नाही म्हणून आपल्याला मिळालेली गोष्ट, ओळख किंवा पाकीट वापरून करून घेतलेले काम, नात्यातल्या कोणाला मागे टाकल्याचे समाधान, यांना उपकारांच्या यादीत जागा नाही. अलीकडे फ्लॅट घेतला, गाडी आली की ‘आशीर्वादित’ हा शब्द सहज वापरला जातो. घर मिळाले तर त्याबद्दल देवाचे आभार अवश्य मानावेत. पण डोंगरावरील प्रवचनात येशूने धन्य म्हटले ते शोक करणाऱ्यांना आणि न्यायासाठी छळ सोसणाऱ्यांना, हे लक्षात ठेवून तो शब्द जपून वापरावा. भाड्याच्या खोलीत राहणारा भाऊ तो शब्द ऐकत असतो.

उतराई

मराठीत ‘उपकार’ या शब्दाला ओझे असते. कोणाचे उपकार अंगावर ठेवू नयेत, ते फेडावेत, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. ११६ व्या स्तोत्राचे मराठी भाषांतर नेमका हाच धागा पकडून विचारते की परमेश्वराने केलेल्या सर्व उपकारांबद्दल मी त्याचा कसा उतराई होऊ? पुढच्या ओळीतील उत्तर मात्र आपल्या हिशेबाला धरून नाही. तारणाचा प्याला मी हाती घेईन, असे ते उत्तर आहे. म्हणजे परत काही देण्याऐवजी स्तोत्रकर्ता आणखी घेण्यासाठी हात पुढे करतो. देवाशी असलेला व्यवहार बरोबरीत सुटणारा नाही, हे एकदा मान्य केले की वहीतील यादी कर्जाच्या यादीसारखी दिसत नाही.

तरी दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. त्याच स्तोत्रात नवस फेडण्याचा उल्लेख आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर, निकालाच्या आदल्या रात्री किंवा थकलेल्या हप्त्याच्या काळजीत आपण देवाला काही तरी कबूल केलेले असते: हे पार पडू दे, मी आईकडे दर महिन्याला जाईन, मी ती सवय सोडीन, मी अमुक मुलाची फी भरीन. वहीच्या शेवटच्या पानावर अशी कबुली तारखेसह लिहावी आणि जी पुरी झाली नाही तिच्यापुढे खूण करावी. नवस करून तो न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असे बायबलच्या उपदेशक या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे. उपकारस्तुतीचे अर्पण देताना पाकिटावर केवळ नाव न लिहिता कारणही एका ओळीत लिहावे. पाळकांना त्यामुळे प्रार्थना करता येते आणि आपल्याला आपण कशासाठी देत आहोत हे कळते.

दुसरी गोष्ट उजव्या पानावरील माणसांची. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि एकच परत आला, ही गोष्ट आपण नऊ जणांना नावे ठेवीत सांगतो. ते नऊ जण दुष्ट नव्हते. याजकांकडे जा, असे त्यांना सांगितले होते आणि ते सांगितलेल्या वाटेने चालले होते. आपणही बहुधा तसेच कामात असतो. परत जाण्यासाठी वाट मोडावी लागते. म्हणून उजव्या पानावरील नावांतून पाच नावे निवडावीत आणि ३१ तारखेपूर्वी त्यांच्याकडे जावे, निदान फोन करावा. आलेले ठरावीक शुभेच्छापत्र नुसते पुढे पाठवू नये. रिक्षावाल्या काकांना नाताळच्या फराळाचे ताट देताना ‘त्या पुराच्या दिवशी तुम्ही मुलांना आणलेत’ असे स्पष्ट म्हणावे. ते ती गोष्ट विसरलेले असतात आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

घरातली संध्याकाळ

३० तारखेला सगळ्यांनी एकत्र बसावे. १३६ व्या स्तोत्राला सव्वीस ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीनंतर ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येते. एकाने पहिल्या काही ओळी वाचाव्यात आणि इतरांनी पालुपद म्हणावे. मग पुस्तक बाजूला ठेवून तसेच पुढे चालू ठेवावे: वहीतील एकेक वाक्य ज्याचे त्याने वाचायचे आणि सर्वांनी तेच पालुपद म्हणायचे. स्तोत्र स्वतःही असेच चालते. सूर्य-चंद्रापासून निघून, मिसर आणि तांबडा समुद्र ओलांडून ते सर्व प्राण्यांच्या अन्नापाशी येते. त्यामुळे धाकट्याने ‘मला सायकल मिळाली’ म्हटल्यावर सगळ्यांनी गंभीरपणे ‘कारण त्याची दया सनातन आहे’ म्हणणे मुळीच विसंगत होत नाही. कोणाला दुःखाची ओळ वाचायची असेल तर त्याने ती वाचावी; तिच्यानंतरही पालुपद म्हणायचे, फक्त थोडे सावकाश. आजी-आजोबांना शेवटी बोलू द्यावे, कारण त्यांचे एक वर्ष बोलता बोलता चाळीस वर्षांचे होते.

पेटी वाजवणारे कोणी असेल तर नारायण वामन टिळकांचे एखादे भजन म्हणावे. आपल्यापैकी अनेकांचे आजोळ किंवा सासर हिंदू आहे आणि सुट्टीत ती मंडळीही घरी असतात. त्यांना वाचनाचा आग्रह करू नये, पण वर्षभरातील एक चांगली गोष्ट सांगायला अवश्य सांगावे. मामांनी सांगितलेली गोष्ट कित्येकदा आपल्या वहीत नसते, आणि तिच्यात आपलाच मुलगा असतो.

उपासनेत साक्ष देण्याची संधी मिळाली तर वहीतील एकच प्रसंग तीन मिनिटांत सांगावा. दुसऱ्याचे आजारपण किंवा घरातील भांडण त्याला न विचारता सांगू नये. काही मंडळ्यांत त्या रात्री टोपलीतून वर्षाचे वचन काढले जाते; मिळालेले वचन पसंत पडले नाही म्हणून दुसरी चिठ्ठी उचलू नये, आणि त्यात पुढच्या वर्षाचे भविष्यही शोधू नये. ते वचन नव्या वहीच्या पहिल्या पानावर डकवावे.

१ जानेवारीला जुने कॅलेंडर रद्दीत टाकू नये. ते गुंडाळून वहीबरोबर कपाटात ठेवावे आणि त्याच खिळ्यावर नवे लावावे. आमच्याकडे त्यावरची पहिली नोंद बहुधा दुधाचीच असते.